इंग्रजीत आमचं गावच न्हाई

हसू नका, पण इंग्रजी नकाशात आमचं गावच न्हाई.

पणज्यानं गाव वसवलं म्हणून ते संभावाडी, अन् त्याचंच नाव मला ठेवलेलं. निजामाच्या राज्यात इंग्रजी नकाशासाठी गावांची नावं विचारत पालमकडून एक मुन्शी आला. आमी सगळे रानात, घरी एकटी बायको.

"गावाचं नाव काय?"

"आमच्या मालकाचं हाय तेच."

"मालकाचं काय?"

"नवऱ्याचं नाव कसं घ्यावं, साहेब?"

"बरं, पलीकडच्या गावाचं?"

ते तिनं लगेच सांगितलं. मुन्शीनं वैतागून आमची घरंबी त्याच गावात धरली.

पुढं सरकारी विहीर मंजूर झाली, ती पलीकडं. आमी कचेरीत गेलो, तर म्हणाले, "संभावाडी नावाचं गावच न्हाई." मग ओढ्याचंच पाणी पीत राहिलो. पटकीची साथ आली अन् त्यात आमची लेक गेली.

मी बायकोवर लय ओरडलो, "एकदा माझं नाव घेतलं असतंस तर काय झालं असतं?"

ती रडत म्हणाली, "तुमचं आयुष्य कमी झालं असतं."

आता ऐंशी पार केली, बघा. अजून मरण येईना.