मीटरमागे पाच किलो चारशे

नाव: हिरामण पांडुरंग बागडे. वय ५४ वर्षे. धंदा: शेड बनवणाऱ्या वर्कशॉपात लोखंडाचं एस्टिमेट काढणे. राहणार सौंसर, बसस्टँडच्या मागे.

आज ता. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता, कोणी बोलावलं नसताना, मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मी यशवंतराव घोरमाडे यांच्या वर्कशॉपात सत्तावीस वर्षांपासून कामाले आहो. नकाशा पाहून कोणत्या शेडले किती लोखंड लागते ते मी काढतो. कागद, पेन्सिल अन् माझी वही. मी आकडा लिहिला की मालक तेवढाच माल मागवत. दुसऱ्यांदा कोणी मोजत नव्हतं.

यंदा मार्चमध्ये मालकांनी उर्वशी सोमकुवर, वय २४, हिले कामावर घेतलं. पोरगी आमच्याच मोहल्ल्यातली, छिंदवाड्याहून कॉम्प्युटर शिकून आलेली. आमच्या वर्कशॉपासाठी एस्टिमेटचं खास सॉफ्टवेअर बनवणं हे तिचं काम. दोन महिने ती माझ्या बाजूले खुर्ची टाकून बसली. "काकाजी, हे कसं धरता? काकाजी, भंगार किती सोडता?" मले बी बरं वाटत होतं, खोटं काऊन बोलू. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. मले जे काम तीन दिवस पुरत होतं, ते जूनपासून तिचा कॉम्प्युटर चहा थंडा व्हायच्या आत करून देऊ लागला.

आमच्याकडे नवी मशीन आली की सगळ्यात जुना माणूस नारळ फोडतो. कटिंग मशीनचा मी फोडला, वेल्डिंग सेटचा मी फोडला. कॉम्प्युटरच्या वक्ती मी हात धुऊन उभा होतो. मालकांनी नारळ उर्वशीच्या हातात देल्ला. म्हणाले, "हे सारं हिचं डोकं हाये." अन् माझं डोकं काय बाजारात विकत भेटलं होतं? मले पेढा भेटला. मी तो खाल्ला नाही. हा जबाब लिहून घेणारे ठाण्याचे दिवाणजी म्हणतात, पेढ्याचं लिहायची गरज नाही. लिहा.

त्यानंतर पांढुर्ण्याचे गिऱ्हाईक बी येऊन विचारू लागले, "उर्वशी मॅडम कुठं आहेत?" मॅडम! लहानपणी जिचं नाक मी पुसलं, ती मॅडम.

९ सप्टेंबरले दुपारी दोन वाजता मी घरी जेवून राहिलो होतो, तेव्हा तिचा फोन आला. मोहगावच्या संत्र्याच्या शेडचं काम होतं. छपराचे पत्रे ज्या आडव्या पट्टीवर बसतात तिले पर्लिन म्हणतात. ती आम्ही सपाट पत्रा वाकवून वर्कशॉपातच बनवतो, म्हणून तिचं वजन कोणत्या छापील पुस्तकात भेटत नाही, माझ्या वहीत आहे. तिनं विचारलं, "काकाजी, नव्या साइजची पर्लिन मीटरमागे किती?" खरं वजन पाच किलो चारशे. मी चार किलो पाचशे सांगतलं. विसरून नाही, जाणूनबुजून. मले वाटलं, कॉम्प्युटर चुकेल, मालक धावत माझ्याकडे येतील अन् मी दोन मिनिटांत चूक दाखवीन. मी जळून राहिलो होतो, दुसरा शब्द नाही त्याले. आकडा माझा होता म्हणून तिनं तो तोलून बी पाहिला नाही.

शेडले आठशे मीटर पर्लिन लागत होती. सॉफ्टवेअरनं तीन हजार सहाशे किलो पत्रा दाखवला, तेवढाच आणला. ३१ ऑक्टोबरले पत्रा संपला अन् एकशे तेहतीस मीटर पर्लिन बाकी राहिली. मालक माझ्याकडे आले नाहीत. म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नाही, माल चोरीले गेला. ६ नोव्हेंबरले त्यांनी स्टोअर सांभाळणारे तुळशीराम यांच्यावर संशय घेऊन इथं तक्रार देल्ली. तुळशीरामनं कधी एक नट बी घरी नेला नाही, हे मले माहीत होतं. तरी मी चार दिवस चूप बसलो.

काल, १० तारखेले, उर्वशीनं पर्लिनचा तुकडा काट्यावर ठेवला अन् सगळ्यांसमोर मालकाले सांगतलं, "चोरी नाही झाली. चुकीचा आकडा माझ्याच हातानं पडला." मालकानं तिले उद्यापासून येऊ नको म्हटलं. मी तिथंच उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण नाव घेतलं नाही. जाताना म्हणाली, "काकाजी, वेळेवर जेवत जा, तुमची शुगर वाढते." बाकीचे म्हणून राहिले होते, पोरगी किती खरी हाये बाप्पा! मले दया नाही आली, आगच लागली. रातभर झोप नाही.

तरी सांगतो की, चोरी झालेली नाही. तुळशीराम निर्दोष आहे. उर्वशीकडून काही चुकलेलं नाही. दिवाणजी म्हणतात, पोरीनं कबूल केलं, प्रकरण मिटलं, तुम्ही काऊन मधात पडता, घरी जा. मी जात नाही. माझे सगळे हिशोब तिच्या नावावर गेले, माझा मान तिच्या नावावर गेला. ही चूक माझी आहे, माझ्या स्वतःच्या डोक्यातली. ही मी तिच्या नावावर जाऊ देणार नाही. माझ्या नावावर लिहा.

वरचा मजकूर दिवाणजींनी मले मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगतलं तसाच आहे, एक शब्द बी इकडचा तिकडे नाही.

सही: हिरामण पांडुरंग बागडे