तीन तासांचं इंजिन

(मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज. म्हातारे मिस्त्री इंजिन खोलताहेत. पार्सल कंपनीचे साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत स्टुलावर बसलेत. मिस्त्रींची सून कोटेशनचा कागद धरून उभी.)

साहेब : पण बाई, परवाचं इंजिन यांनी तीन तासांत उतरवून, खोलून परत चढवलं. मी मोजलंय. मग मजुरी आठ तासांची कशी?

सून : तासांची नाहीच. इंजिनाची आहे. फुल इंजिन, चोवीसशे.

साहेब : तासाला तीनशे, तीन तास, नऊशे. दुसरीतल्या पोराचा हिशेब आहे.

सून : म्हणूनच पटकन जमला तुम्हाला.

सासरे : सूनबाई, जपून. चाळीस गाड्या आहेत त्यांच्या. त्या गेल्या तर शटर ओढावं लागेल आपल्याला.

सून : मामंजी, तुम्ही नवे होतात तेव्हा एवढ्याच कामाला किती वेळ लागायचा?

सासरे : आठ तास. शिवाय दोन नट उरायचे.

सून : आणि मजुरी?

सासरे : आठ तासांची.

सून : हात बसला तसे आठाचे सहा झाले, सहाचे तीन. मजुरीही तशीच उतरत गेली. शिकून शिकून गरीब झालेला माणूस उभ्या बाजारात हा एकच.

सासरे : तासावर घेतलं की कसं सरळ वाटायचं गं.

साहेब : बघा, मिस्त्रींना कळतं. तासावर लिहा, नाहीतर गाड्या समोरच्या गॅरेजात नेतो.

सून : खुशाल न्या. तिथूनच तर आलात.

साहेब : तिथे दोन-दोन दिवस गाडी अडकते हो.

सून : म्हणजे वेग हवा म्हणून इथे आलात, आणि वेग दिसला की पैसे कापताय.

साहेब : वेगाचे कसले पैसे? म्हाताऱ्याच्या हाताला सवय झालीय, एवढंच. सवयीला काय खर्च येतो?... मिस्त्री, थांबलात का?

सासरे : दम खातोय.

साहेब : किती वेळ?

सासरे : काम तासावर आहे ना? मग सावकाश.

साहेब : अहो, दुपारी गाडी रस्त्यावर हवी. सत्तर पार्सलं पडलीत.

सासरे : हवी असेल. आठ तास कसे लागायचे ते आठवतोय. आधी एकेक नट पुसायचो. मग पुसलेले मोजायचो.

साहेब : बाई, सांगा की यांना.

सून : वडीलधाऱ्यांना उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही.

साहेब : ...आणा तो कागद. इंजिनामागे चोवीसशे.

सून : चाळीसही गाड्यांना. इथे सही.

साहेब : ही घ्या, केली.

सून : मामंजी, उचला पाना.

सासरे : थांब गं. शाई वाळू दे.