फ्रिजवरची चादर

चहा घे रे आणि ऐक, कालपासून डोकं फिरलंय माझं. आमच्या नातीला, मनालीला, शिष्यवृत्ती मिळाली ना, तर ती देणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थी संघाचे लोक मागे लालबागला खोलीवर आले, तिचा व्हिडिओ काढायला. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला, हिने सुरमई तळलेली. त्यातला एक सूटवाला मला म्हणतो, "आजोबा, शर्ट काढून गंजीवरच बसा. आणि तो फ्रिज जरा झाकता येईल?"

"का रे बाबा? चोरीचा आहे काय?"

"तसं नाही हो. संघर्ष दिसायला हवा."

माझं तोंड सुटणारच होतं, पण पोरीचं शिक्षण अडायला नको म्हणून गिळलं. त्यांनीच आमची चादर फ्रिजवर टाकली, मनालीला खुर्चीवरून उठवून जमिनीवर बसवलं आणि विचारलं, "बेटा, तुझं स्वप्न काय?"

ती म्हणाली, "शिकून तुमच्या संघाची अध्यक्ष होणार. मग कुणाच्या घरातला फ्रिज झाकायला लावणार नाही."

काल तो व्हिडिओ आला. तिचं बोलणं कापलंय मेल्यांनी. चादर तेवढी ठेवलीय.