बाबांच्या सीटवरचा तांदूळ

माझ्या बोटीतल्या तांदळाच्या पोत्यांना हसता ना, मग ऐका. इकडे अमेरिकेत नोव्हायला आल्यावर मी सेकंडहँड बास बोट घेतली. म्हणायला मासेमारीची, पण पळते रेसच्या गाडीसारखी. ताशी साठ मैलांच्या वर स्पीड गेला की डावी-उजवी डोलायची. मोटरचा ट्रिम, म्हणजे पाण्यातला तिचा कोन, बदलला, बॅटऱ्या मागे-पुढे सरकवल्या, पण फरक शून्य.

त्या उन्हाळ्यात बाबा नागपूरहून आले होते. लाइफ जॅकेट घालून शेजारी बसले. बोट डोलायला लागली तसं मी स्टिअरिंग आवळून धरलं.

बाबा म्हणाले, "स्कूटर शिकवताना काय सांगितलं होतं? तू हँडलशी भांडतोस, म्हणून ती डोलते. पकड सैल कर."

केली, आणि बोट सरळ धावली. ते लगेच म्हणाले, "आता हळू चालव."

पुढच्या वर्षी बाबा गेले. मी एकटाच बोट काढली, तर पकड सैल ठेवूनही ती माझ्या बाजूला कलली. तेव्हा कळलं, निम्मा तोल त्यांच्या वजनाचा होता.

आता त्यांच्या सीटवर चाळीस पौंडांची तीन पोती बांधतो. बोट अगदी सरळ जाते. फक्त 'हळू चालव' असं कोणी म्हणत नाही, म्हणून मीच हळू चालवतो.