ईश्वरीचा गाण्याचा क्लास

आबांना गप्प बसवायची मला भारी हौस, त्याचं हे फळ. माझी भाची ईश्वरी दिवसभर गात असायची, म्हणून मी ऑनलाइन क्लास शोधला. व्हिडिओत सर इतके सुंदर गात होते की लगेच नाव घातलं.

आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "त्ये झ्याक गात्यात. पर आपल्या पोरीचं कवा ऐकत्यात?"

"चाळीस मुलं असतात, आबा. माईक बंदच ठेवायचा असतो. तुम्हाला नाही कळायचं."

चार महिन्यांनी पाहुण्यांसमोर तिला गा म्हटलं, तर म्हणाली, "आत्या, मी गायचं केव्हाच सोडलं. नुसती बसते. सरांना कळलंच नाही."

आबांनी मात्र मागंच विचारलं होतं, "पोर हल्ली गुणगुणत न्हाय व्हय गं?"

मी म्हटलं होतं, "हळू बोला, तिचा क्लास चालू आहे."