मातामायले छप्पर नसते

माहेर माह्यं बोरी अरबकडचं, लगन होऊन इकडं बाभुळगावच्या बाजूले आली तवापासून निंदन केलं, कापूस येचला, दुसरं काई नाई. पन तुमी हे लिहून कायले घेऊन राह्यले? ले-आऊटवाल्याच्या वळखीचे तं नाई ना? बरं, लिहा.

गावाच्या कडंले आमची मातामाय होती, निंबाखाली, शेंदराचे गोटे, बस. भिंत नाई, छप्पर नाई. ते उघड्यावरच बसते, तिले कोंडू नाई, हे आमच्यात लेकरायले बी ठाव. माह्या पोराच्या, देवरावच्या अंगावर लहानपनी माता आली, अंगभर फोड आले, तं सासूनं मले वल्ल्या लुगड्यानं पाठवलं, गोट्यायवर पानी वतलं, निंबाचा पाला आनला, त्याच्यावर पोराले निजवलं अन् पोरगा उठला. आता तुमी म्हनान औषिदानं उठला. म्हना.

मंग ते जागा इकल्या गेली, पिलाट पडले. ले-आऊटवाला लय गोड बोले, म्हने आजी, तुमच्या देवीले रस्त्यावर टाईल्सचं मंदिर देतो, फुकट. मले तवाच शंका आली, काय सांगू तुमाले, फुकटात कोनी रस्ता बी दाखवत नाई अन् हा मंदिर देते? पन बाया खूश. निंब पाडला, मुरूम पसरला, मातामाय कुठी होती हे बी कळेना. मंदिराले जाळी, जाळीले कुलूप, चाबी त्याच्या हापिसात. आतले गोटे मले तं नवेच वाटते.

एक दिस देवराव पेढे घेऊन आला, म्हने माय, पिलाट घेतला, सस्त्यात भेटला. मी म्हनली सस्त्यात काहून, दुसऱ्या कोनं काहून नाई घेतला? तो नुसता हासला. सयपाकखोलीचा पाया खनला तं निंबाच्या जाड्या मुळ्या निघाल्या. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. त्यानं मान खाली घातली, म्हने माय, तुह्या सुनेले सांगू नोको, ते भेते.

आता तिथंच राह्यतो आमी. मांगं नातवाच्या अंगावर फोड आले, दवाखान्यात नेलं, नेवाच लागते. पन घरी येऊन मले समजेना, पानी कुठी वतू. मंदिरात जाऊन जाळीतून वतलं, मंग सयपाकखोलीत ओट्याखाली बी वतलं. सून म्हने आत्या, फरशी वल्ली काहून? मी म्हनली सांडलं.

नातू बरा झाला. कोन्त्या पान्यानं, मले नाई सांगता येत. तुमचे बी लेकरंबाळं सुखी राहो, बाई. फकत हे छापून आलं तं आमच्या घरी आनू नोका, सुनेले अजून ठाव नाई का ते सयपाक कुठी करते.