चहावरून लढाई

आमच्या शेठनं एक दिवस कारखान्यात चहा बंद केला. म्हणे, तुम्ही कप तोंडाला लावता तेवढ्यात धागा तुटतो. मी माझे चारही लूम बंद केले आणि टपरीवर जाऊन बसलो. शेठ मागोमाग आलाच. "काका, चाय के लिए नौकरी गँवाओगे?"

आदल्या दिवशीच नात मोठ्यानं धडा वाचत होती. अल्जेरियावाले फ्रेंचांशी जमिनीवरून लढले, अमेरिकावाले इंग्रजांशी चहाच्या करावरून.

मी म्हणालो, "शेठ, जमीन मला नाही, त्यामुळं ते भांडण माझं नाही. चहाचं आहे. त्याच्यापायी अमेरिकेनं राजा घालवला, मी नोकरी घालवीन."

आतले बाकीचे कामगारही एकेक करून लूम बंद करायला लागले. शेठ चहावाल्याला म्हणाला, "अंदर भेज, सबको."

मी म्हणालो, "पहिला इकडं."